दुबार पेरणी
शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये 13:13 व 15:37-39, 2 तीमथ्य 4:11



मृगात पेरणी करावी आणि मग पावसाने तोंड फिरवावे, हे मराठवाड्यातील शेतकऱ्यास नवे नाही. कोंब करपतात, बी जाते, पदरचा पैसा मातीस मिळतो. तरी तो रान टाकून देत नाही. पुन्हा पाऊस पडून वाफसा आला, की उसनवारी करून तो दुबार पेरणी करितो. शेताविषयी जे शहाणपण आपणांस आहे ते आपल्या मुलांविषयीही असावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

पैठण, गंगापूर, वैजापूर ह्या तालुक्यांतून कितीएक मुले व मुली छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेस, कॉलेजात शिकावयास जातात. कोणाच्या बापाने शेळी विकलेली असते, कोणाच्या आईने कानांतले गहाण ठेविलेले असते. गावच्या शाळेत मराठीतून शिकलेला मुलगा तेथे इंग्रजी व्याख्यान ऐकतो. अर्धे समजत नाही, व विचारावयास लाज वाटते. पहिल्या परीक्षेचा निकाल लागतो तेव्हा तीन-चार विषय राहिलेले असतात. घरी तो सांगतो, ‘सर्व ठीक आहे.’ पुढे घरी येणेच टाळतो. बंधूंनो, नापास होणे ही लहान विपत्ती आहे. परंतु ती लपविणारा एकटा पडतो, आणि ते एकटेपण अधिक घातक आहे.

आपल्या शास्त्रपाठात योहान मार्क नावाचा एक तरुण आहे. पौल व बर्णबा ह्यांच्याबरोबर तो पहिल्या फेरीस निघाला, परंतु पंफुल्यापर्यंत जाऊन माघारी यरुशलेमेस परतला. पुढच्या फेरीस त्याला न्यावे की नाही, ह्यावरून त्या दोघां थोर सेवकांत इतका वाद झाला की ते एकमेकांपासून वेगळे झाले. बर्णबाने मार्काला बरोबर घेतले व तो कुप्रास गेला. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी बंदीत असलेला तोच पौल तीमथ्याला लिहितो की, मार्काला घेऊन ये, तो मला सेवेत उपयोगी आहे. ज्याने नाकारिले त्यानेच बोलाविले. मध्यंतरी काय झाले? मार्क पुन्हा कामास लागला होता, आणि त्याला कामास लावणारा एक मनुष्य त्याला लाभला होता.

आता विद्यार्थ्यांनो, दुबार पेरणीपूर्वी शेतकरी पाहतो की पहिले बी का गेले. तुम्हीही तसेच पाहा. कधी दोष आपलाच असतो. लोकमान्य टिळक 1873 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले, तेव्हा प्रकृती सुधारण्याकरिता पहिले वर्ष त्यांनी तालमीत घालविले व अभ्यासात मागे पडले. पुढे मात्र त्यांनी गणित घेऊन पहिल्या वर्गात बी. ए.ची पदवी मिळविली. वेळ आपण दवडिला असेल तर तसे कबूल करावे, आणि आजपासून वागणूक बदलावी.

कधी दोष परिस्थितीचा असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनला शिकत असता शिष्यवृत्तीची मुदत संपली, म्हणून 1917 साली त्यांस अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मुंबईस प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले, मित्रांचे साहाय्य घेतले, आणि 1920 साली ते पुन्हा गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंधही परीक्षकांनी प्रथम तसाच स्वीकारिला नाही. त्यांनी तो 1923 साली पुन्हा लिहून पाठविला व डी. एस्सी. मिळविली. एवढ्या विद्वानासही ‘पुन्हा लिहा’ हे शब्द ऐकावे लागले, मग तुम्ही ते ऐकून खचू नये.

आणि कधी पायाच कच्चा असतो. हे पाप नव्हे. उस्मानिया विद्यापीठ 1918 साली निघाले, तेव्हा तेथील शिक्षण उर्दूतून होते. मराठी घरच्या मुलास विषयापूर्वी भाषेचीच नदी ओलांडावी लागे. आज उर्दूच्या जागी इंग्रजी आली आहे, एवढेच. ह्याच मराठवाड्यासाठी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली औरंगाबादेस जे कॉलेज काढिले, त्याचे नाव पुढे ‘मिलिंद’ झाले. मिलिंद हा नागसेन भिक्षूस प्रश्न विचारणारा राजा. पाहा, विद्येच्या घराला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव दिले आहे! राजास विचारावयास लाज वाटली नाही, मग तुम्हांस का वाटावी?

ह्यास्तव तीन गोष्टी करा. निकाल लागेल त्याच आठवड्यात घरी खरे सांगा. राहिलेल्या विषयाच्या शिक्षकाकडे उत्तरपत्रिकेतील चुका घेऊन जा. आणि रोज थोडे, पण न चुकता, वाचा : धडा आधी मराठीत समजून घ्या, मग इंग्रजीत लिहून काढा. राहिलेले विषय पुन्हा देण्याची सोय विद्यापीठ ठेविते, ती एटीकेटी म्हणजे कपाळावरचा डाग नव्हे. तो दुसरा पाऊस आहे. परंतु वाफसा फार दिवस टिकत नाही, हे ध्यानात असू द्या.

वडिलांनो, खरे ऐकण्याची ताकद तुमच्यात आहे असे मुलास दिसले, तरच तो खरे सांगेल. ‘माझी शेळी गेली’ हे पहिले वाक्य तुमच्या तोंडी नसावे. ‘जेवलास का?’ हे असावे. मग हिशेब मागा, तो मागण्याचा तुम्हांस अधिकार आहे.

उपदेशक बंधूंनो, आपल्या मंडळीत जो मुलगा सुट्टीत उपासनेस येत नाही त्याच्या घरी जा. कदाचित तो पंफुल्याहून परतलेला असेल. न्याय करणारे गावात पुष्कळ आहेत, बर्णबा थोडे.

हे प्रभो, अर्ध्या वाटेवरून परतलेल्यांस तू टाकिले नाहीस. आमच्या लेकरांस खरे बोलण्याचे धैर्य दे, आणि आम्हांस ते ऐकून घेण्याची प्रीती दे. आमेन.