ईयोबाचे अश्रू आणि मरियेची माळ



माझ्या आईची जपमाळ माझ्या टेबलावर, हिब्रू शब्दकोशाच्या शेजारी ठेवलेली असते. ती चांदीची नाही, काचेचीही नाही. पाणथळ जागी उगवणाऱ्या एका रानगवताच्या करड्या, गुळगुळीत बिया ओवून ती केलेली आहे. या बियांना भोक पाडावे लागत नाही. दोरा जाण्यापुरती वाट त्यांच्यात निसर्गतःच असते. लिनियसने १७५३ साली या गवताला जे लॅटिन नाव दिले, त्यात 'ईयोबाचा अश्रू' असे शब्द आहेत. आईला ना लॅटिन येत होते, ना हिब्रू. तरी ईयोबाचे अश्रू बोटांत धरून ती आयुष्यभर प्रार्थना करीत राहिली.

काही महिन्यांपूर्वी एका भगिनीने मला एक प्रश्न केला आणि या माळेकडे मी नव्याने पाहू लागलो. ती म्हणाली, ''मी रोज पहाटे बागेत, झाडांखाली रोझरी म्हणते. पण प्रभूच्या प्रार्थनेचा मणी आला की तो गाळते. 'पिता' हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही. ज्यांना मी घरात बाबा म्हणत होते, त्यांच्या हातची भीती अजून माझ्या अंगातून गेलेली नाही. म्हणून मी मरियेलाच देवी मानते, तीच धरतीमाता असे समजते. तेवढ्यानेच मला शांती मिळते. हे पाप आहे काय?''

अशा विचारांचे एक पुस्तक तिच्या वाचनात आले होते. 'द वे ऑफ द रोझ' हे ते पुस्तक २०१९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. पूर्वी झेन बौद्ध भिक्षू असलेले क्लार्क स्ट्रँड आणि त्यांच्या पत्नी पर्डिटा फिन हे त्याचे लेखक. रोझरी ही मुळात चर्चच्या सिद्धांतांहून जुन्या अशा मातृभक्तीची वाट आहे, असा त्यांचा सूर आहे. तो ऐकून आपल्यापैकी काही जण रागावतील. प्रॉटेस्टंट वाचक कदाचित म्हणतील, 'मरियेच्या माळेचा शेवट असाच व्हायचा!' पण रागावण्यापूर्वी त्या भगिनीची तहान आपण समजून घेऊ या. तहान खोटी नसते; शोध घ्यायचा तो पाण्याचा.

ही तहान पवित्र शास्त्रालाही ठाऊक आहे. आईला आपल्या तान्ह्या बाळाचा विसर पडला तरी मला तुझा पडणार नाही, असे परमेश्वर यशयाच्या मुखाने सांगतो (यशया ४९:१५). आई लेकराचे सांत्वन करते तसे मी तुमचे सांत्वन करीन, असेही तो म्हणतो (यशया ६६:१३). प्रभू येशू यरुशलेमेसाठी विलाप करतो तेव्हा पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा स्वतःलाच देतो (मत्तय २३:३७). हिब्रू भाषेत 'रेखेम' म्हणजे गर्भाशय आणि त्याच धातूपासून आलेला 'रखमीम' म्हणजे करुणा. भाषांतर करताना आम्ही 'दया' लिहितो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. परंतु मनाला रुखरुख लागते, कारण मूळ शब्दाला पोटाची ऊब आहे. आपल्या मराठीत 'आतडे तुटणे', 'पोटची माया' असे शब्दप्रयोग आहेत. त्यांत ती ऊब थोडी सापडते.

उत्पत्तीच्या दुसऱ्याच वचनात जलांवर तरंगणारा देवाचा आत्मा, 'रूआख', हा हिब्रूत स्त्रीलिंगी शब्द आहे. तेथील क्रियापद अनुवादाच्या बत्तिसाव्या अध्यायात आपल्या पिलांवर घिरट्या घालणाऱ्या गरुडपक्ष्यासाठी आले आहे. यावरून देव स्त्री ठरतो असे मात्र नाही. मराठीत नदी स्त्रीलिंगी आणि ओढा पुल्लिंगी. पाणी तेच असते. देव पुरुषही नाही आणि स्त्रीही नाही. दोघांनाही त्याने आपल्या प्रतिरूपात घडविले. आपल्या महाराष्ट्राला हे नवे नाही. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या भूमीत वाढलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तालाच आई म्हणून हाक मारली. तेव्हा देवाची आईपणाची माया अनुभवण्यासाठी देवाला सोडून दुसरीकडे जावे लागत नाही.

मग मरियेला देवी मानण्यात चूक कोठे होते? ख्रिस्ती मंडळीपुढे हा प्रश्न फार पूर्वीच आला होता. चौथ्या शतकात काही स्त्रिया मरियेच्या नावाने भाकरीचे अर्पण करीत. सायप्रसमधील सलमीसचा बिशप एपिफानियस याने त्याविरुद्ध लिहिले. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा, की मरियेला मान द्यावा, आराधना मात्र देवाची करावी. ४३१ साली इफिस येथील धर्मसभेने मरियेला 'देवमाता' ही पदवी मान्य केली. हे तेच इफिस, जेथे अर्तमी देवीच्या नावाने दोन तास घोषणा चालल्या होत्या (प्रेषितांची कृत्ये १९). परंतु धर्मसभेने नवी अर्तमी उभी केली नाही. मरियेच्या उदरी जन्मलेला हा खरोखर देव आहे, ही साक्ष त्या पदवीने दिली. पदवी आईला मिळाली. साक्ष पुत्राविषयीची होती.

जरा विचार करा. मरिया देवी असती, तर नासरेथच्या त्या मुलीच्या होकाराला काय मोल उरले असते? देवीला भय कसले, आणि देवीच्या जिवातून तरवार कशी जाणार (लूक २:३५)? शिवाय मरिया आपल्यासारखीच मातीची नसेल, तर तिच्या पुत्राचे शरीरही आपल्या मातीचे नाही. मग आपले तारण कोणी केले? मरियेला देव्हाऱ्यात देवी म्हणून बसविणे म्हणजे तिला उंच नेणे असे वाटते; प्रत्यक्षात तिचे सर्वांत मोठे वैभव आपण हिरावून घेतो. ते वैभव हे, की ती सृष्टीपैकीच एक असून सृष्टीच्या वतीने देवाला 'होय' म्हणाली.

धरतीचेही तसेच आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सूर्यचंद्रांना त्यांच्या नावांनी हाकही मारलेली नाही. 'मोठी ज्योती' आणि 'लहान ज्योती' एवढेच म्हटले आहे. शेजारची राष्ट्रे त्यांना पूजीत होती. शास्त्राने त्यांचे देवपण काढून घेतले, पण त्यांना तुच्छ लेखले नाही. स्तोत्र १४८ मध्ये तेच सूर्यचंद्र आपल्याबरोबर उपासनेला उभे आहेत. असिसीच्या संत फ्रान्सिसने आपल्या सृष्टिगीतात धरतीला आई म्हटले, आणि त्याच श्वासात बहीणही म्हटले. तिच्या अन्नावर आपण जगतो म्हणून ती आई, आणि तिचा व आपला निर्माता एकच म्हणून ती बहीण.

आता माळेकडे वळू. मणी ओढून जप करण्याची रीत हिंदू, बौद्ध आणि मुस्लिम बांधवांतही आहे. रोझरीची घडण मात्र मध्ययुगीन युरोपातील ख्रिस्ती जीवनात झाली. मठांत दीडशे स्तोत्रे म्हटली जात. ज्यांना वाचता येत नसे ते त्यांऐवजी दीडशे वेळा प्रभूची प्रार्थना म्हणत. पुढे दीडशे 'नमो मरिया' म्हणण्याचा प्रघात पडला. या प्रार्थनेचा पूर्वार्ध लूकच्या पहिल्या अध्यायातील देवदूताच्या आणि अलिशिबेच्या शब्दांनी बनलेला आहे. तिचे आजचे रूप १५६८ सालच्या रोमी प्रार्थनाग्रंथात स्थिर झाले. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्ये सुचविली. त्याच पत्रात त्यांनी म्हटले, की या प्रार्थनेचा गुरुत्वमध्य म्हणजे येशूचे नाव होय. 'रोझारियुम' या लॅटिन शब्दाचा अर्थ गुलाबांची बाग. बागेत गुलाब पुष्कळ, पण ती लावली कोणासाठी, हे विसरता कामा नये.

त्या भगिनीला मी म्हणालो, ''तू बागेतच प्रार्थना कर. फक्त रहस्यांकडे नीट पाहा. त्यांत किती सृष्टी भरली आहे!'' यार्देनेचे पाणी आहे. काना येथील सहा दगडी रांजण आहेत. डोंगर आहे, ढग आहे. भाकर आणि द्राक्षारस आहे. गेथशेमाने या नावाचा अर्थच तेलाचा घाणा. तेथे जैतुनाच्या झाडांखाली प्रभू पिळून निघाला. आदामाच्या पापानंतर भूमीने जे काटे उगवले (उत्पत्ती ३:१८), तेच प्रभूच्या मस्तकावर चढले. वृक्षाचे लाकूड त्याच्या खांद्यावर आले. त्याची कबर बागेत होती (योहान १९:४१); आणि पुनरुत्थानाच्या पहाटे मग्दालीया मरियेला तो माळी वाटला (योहान २०:१५). तिची ही चूक किती खरी होती! एका बागेत हरवलेला माणूस दुसऱ्या बागेत पुन्हा सापडला. ज्या सृष्टीला पौल प्रसूतिवेदनांनी कण्हणारी म्हणतो (रोमकरांस पत्र ८:२२), ती सारी या माळेत ओवलेली आहे. निसर्ग शोधण्यासाठी शुभवर्तमानाबाहेर जाण्याची गरज नाही.

राहिला तो गाळलेला मणी. यावर तिला मी लगेच उत्तर दिले नाही. मानवी पित्याने ज्या शब्दाला डाग लावला, तो शब्द उच्चारण्याची सक्ती करणारा मी कोण? एवढेच म्हणालो, ''तो मणी गाळू नकोस. त्याच्यापाशी थांब. शब्द येत नसतील तर गप्प राहा. आईच्या कुशीत शांत झालेल्या बाळाचे स्तोत्र १३१ मनात आण. तुझ्या घरातल्या पित्यावरून देव ओळखायचा नाही. देवावरून त्या पित्याचा न्याय करायचा. येशू ज्याला 'अब्बा' म्हणाला, तो तुझ्यावर हात उगारणाऱ्यांच्या बाजूला नाही.'' आणि मंडळी म्हणून आपणही येथे आत्मपरीक्षण केले पाहिजे. आपल्या घरांतील मारझोड झाकून ठेवायची आणि त्या घरांतील मुलींना 'हे आमच्या पित्या' म्हणायला लावायचे, हे देवाचे नाव व्यर्थ घेणे नव्हे काय?

सृष्टीच्या भक्तीलाही अशीच कसोटी आहे. २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी लिहिले आहे, की ज्या मरियेने येशूची काळजी वाहिली, तीच आता क्रुसावर चढविलेल्या गरिबांसाठी आणि माणसाने उजाड केलेल्या सृष्टीसाठी शोक करते. माळेचा शेवटचा मणी सुटल्यावर आपले हात रिकामे होतात, ते याच कामासाठी. सणाचा कचरा विहिरीत किंवा खाडीत लोटणाऱ्या हातांत ती माळ शोभत नाही.

शेवटी पुन्हा त्या रानबियांकडे येतो. ईयोबाने अश्रू ढाळीत देवाला जाब विचारला, तेव्हा परमेश्वर वावटळीतून बोलला. पाऊस, बर्फ, हरिणी, गरुड, अशी सारी सृष्टी त्याने ईयोबापुढे उभी केली. तेथे त्याने विचारले आहे, की पावसाला कोणी पिता आहे काय, आणि हिम कोणाच्या उदरातून निघाले (ईयोब ३८:२८, २९)? एकाच श्वासात पिता आणि उदर! ईयोबाला त्याच्या दुःखाचे कारण सांगितले गेले नाही. पण ज्याच्यापुढे पिता आणि आई हे दोन्ही शब्द अपुरे पडतात, तो स्वतः त्याच्याशी बोलला.

मागच्या महिन्यात त्या भगिनीचा निरोप आला. ''मी मोठ्या मण्यापाशी थांबते. अजून शब्द येत नाही. पण आता तिथून पळत नाही.'' आईची माळ हातात घेऊन मी तिच्यासाठी तो शब्द उच्चारला. वाचकहो, तुम्ही कोणत्याही मंडळीचे असा, माळ म्हणत असा वा नसा, ज्यांच्या तोंडून हा शब्द निघत नाही त्यांच्यासाठी आज एकदा तो उच्चारा. सृष्टीच्या निर्मात्या, ज्यांना तुला पिता म्हणता येत नाही त्यांना तुझ्या पंखांखाली घे, आणि त्यांचे अश्रू एकेक करून मोजून ठेव. आमेन.