साधनाचा विवेक

क्षुद्र वस्तूंच्या निवडींतहि नीतीचा प्रश्न उद्भवतो काय, असें कोणी विचारल्यास बहुतेक वाचक हंसतील. तंबाखूचा पाइप पेटविण्यासाठीं कोणता लायटर घ्यावा, हा प्रश्न तर नीतिशास्त्राच्या उंबऱ्यावरहि उभा करूं नये, असें त्यांस वाटेल. तथापि साध्य आणि साधन यांच्या नात्यांतील एक अवघड पेंच ह्याच लहानशा प्रश्नांत दडलेला आहे, असें आम्हांस वाटतें.

पाइप पेटविणें हें सिगारेट पेटविण्याइतकें सोपें नव्हे. वाटींत भरलेली तंबाखू पहिल्या आंचेनें फुगून वर येते. ती हलकेच दाबून ज्योत पुन्हां सर्व पृष्ठभागावरून फिरवावी लागते. म्हणजे ज्योत खालीं वळली पाहिजे, आणि ज्योतीचा स्वभाव तर वर जाण्याचा! साधा लायटर आडवा धरला कीं बोटें भाजतात. म्हणून खास पाइपसाठीं केलेल्या लायटरांत ज्योत बाजूस तिरपी निघते व ओढणाऱ्याच्या श्वासाबरोबर खालीं झुकते. नॅफ्थ्यावर चालणारा वातीचा लायटर वाऱ्यांत टिकतो. पण पहिल्या झुरक्यास इंधनाचा वास लागतो, अशी पुष्कळांची तक्रार असते. ब्यूटेन वायूच्या मृदु ज्योतीस तो दोष नाहीं. मात्र त्याच वायूचा प्रखर निळा झोत ब्रायर लांकडाची कड करपवितो. सारांश, येथें सर्वांत तीव्र अग्नि सर्वांत चांगला ठरत नाहीं. समईच्या ज्योतीसारखा सौम्य अग्निच उपयोगी पडतो.

ही सोय माणसास फुकट मिळालेली नाहीं. चकमक झाडून अग्नि काढीत असत तेव्हां श्रम ज्याचे त्यासच पडत. १८२७ सालीं जॉन वॉकर या इंग्रज औषधविक्रेत्यानें घासून पेटणारी काडी विकावयास काढली. पुढें काड्यांत पांढरा फॉस्फरस आला, आणि त्याबरोबर मजुरांच्या जबड्याचें हाड कुजविणारा रोगहि आला. १८८८ सालीं लंडनमधील ब्रायंट अँड मे कारखान्यांतील मुली व स्त्रिया संपावर गेल्या, आणि १९०६ सालीं बर्न येथील करारानें ह्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी आणण्याचें कांहीं राष्ट्रांनीं मान्य केलें. एकाची सोय दुसऱ्याच्या हाडांवर उभी असूं शकते, एवढें ह्या इतिहासावरून ध्यानांत येतें.

लायटरांतहि दोन कुळें आहेत. १९३२ सालीं अमेरिकेंत स्थापन झालेल्या झिपो कंपनीनें आपला लायटर बिघडल्यास तो विनामूल्य दुरुस्त करून देण्याची हमी दिली. १९७३ सालीं निघालेला बिक कंपनीचा लायटर इंधन संपतांच फेकून द्यावयाचा. पहिला घेणारा वस्तूशीं नातें जोडतो, दुसरा केवळ काम उरकतो. सुज्ञ माणूस पहिल्याकडे वळेल, आणि त्यांत त्याचा विवेकच दिसेल.

परंतु ज्यासाठीं हा सारा विवेक, तें साध्य कोणतें? पाइपचा धूर छातींत ओढला नाहीं तरी ओठ, तोंड व घसा यांच्या कर्करोगाचा धोका टळत नाहीं, हें आज वैद्यकशास्त्रानें निःसंशय ठरविलें आहे. थोर साध्यासाठीं साधनहि शुद्ध असावें, हा विचार आपल्या परिचयाचा आहे. येथें प्रश्न नेमका उलटा आहे. शुद्ध साधनानें साध्याचा दोष धुतला जात नाहीं. इतकेंच नव्हे, तर साधनाविषयींच्या रसिकतेमुळें साध्याकडे पाहण्याची दृष्टि मंद होते. सुबक वस्तु हातीं आली कीं व्यसनासहि संस्काराची कळा येते, आणि माणूस स्वतःस व्यसनी न म्हणतां जाणकार म्हणूं लागतो.

मग निवडीचा हा विवेक व्यर्थच म्हणावयाचा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्योत सौम्य आहे कीं नाहीं, कड जळते कीं नाहीं, ह्याची इतकी चौकशी करणाऱ्यानें तीच कसोटी एक पायरी वर न्यावी. पाइपच्या लांकडाची जी काळजी तो वाहतो, ती स्वतःच्या देहाची आणि त्याच खोलींत तोच धूर घेणाऱ्या मुलाबाळांची वाहिली, म्हणजे तो विवेक पूर्ण झाला. आणि तो पूर्ण झाल्यावर कोणता लायटर घ्यावा, हा प्रश्न बहुधा उरणारच नाहीं.