नळीतला उजेड

बसा.

नांदेडमधलं एक कॉलेज. एनसीसीच्या खोलीत सतरंजीवर पॉइंट टू टू रायफल आडवी ठेवली आहे. सकाळचं फायरिंग संपलं आहे. बाहेर ऊन, आत सावली.

बोल्ट काढलेला आहे. चेंबर रिकामं आहे. तरी एकदा नीट पाहून घ्या.

श्वास घ्या. सोडा.

आता नळीचं तोंड खिडकीकडे करा. मागच्या बाजूने आत बघा.

उजेडाचं एक वर्तुळ. जेमतेम साडेपाच मिलिमीटरचं. त्याच्याभोवती खाचा वळत वळत दूर जातात.

बघत राहा.

एका जागी उजेड अडखळतो. पोलादाच्या चकाकीवर करडा डाग आहे. खाचेच्या कडेला धरून बसलेला.

ते शिसं आहे.

नखाने ओरखडा उठेल इतकं मऊ. या स्वस्त गोळीवर तांब्याचं कवच नसतं. नुसतं शिसं, अडीच ग्रॅमच्या आसपास. वरून मेणाचा पातळ हात. मेण अपुरं पडलं की शिसं पोलादाला घासतं, आणि घासतं तिथे थोडं मागे राहतं.

पुढची गोळी त्यावरूनच जाते. तीही थोडं ठेवून जाते.

बार ऐकू येतो. हे मागे राहणं ऐकू येत नाही.

नजर तीच. श्वास तोच. पंचवीस मीटरवरच्या कागदावर मात्र भोकं एकमेकांपासून लांब जाऊ लागतात.

डागाकडे बघा. त्याला नावं ठेवू नका. फक्त बघा.

साफसफाईच्या तेलाचे थेंब आत सोडा. मुरू द्या. तुम्हीही थांबा.

जवळच गोदावरी वाहते आहे. दिवाळीच्या सुमारास तख्त स्नानाला तिचं पाणी घागरींनी सचखंड गुरुद्वाऱ्यात येतं. गुरु गोविंदसिंग १७०८ साली इथेच देहरूपाने विसावले. तिथली जुनी शस्त्रं त्या पाण्याने धुतली जातात. दरवर्षी. हळुवार हातांनी.

तेवढाच हळुवार हात आता तुमचा.

कांस्याच्या तारांचा ब्रश मागून घाला. पोलादापेक्षा तो मऊ, शिशापेक्षा कठीण. सावकाश पुढे जाऊ द्या.

मग चिंदी. पहिली काळी निघते. दुसरी करडी. तिच्यावर शिशाचे बारीक चकचकीत कण.

अजून एक चिंदी.

अजून एक.

लातूरच्या एखाद्या मैदानाकडेलाही आत्ता कुणी कॅडेट अशीच चिंदी ओढत असेल. त्याच्यासोबत श्वास घ्या.

नळी पुन्हा उजेडाकडे धरा. खाचा बघा. या टोकापासून त्या टोकापर्यंत, अखंड.

आता हात धुवा, साबणाने. बोटांवरचं शिसं घासाबरोबर पोटात जातं, आणि शरीर ते हाडांत साठवून ठेवतं. तिथे कुठलाच ब्रश पोहोचत नाही.

बोटांमधून करडं पाणी जाऊ द्या.

नितळ येईपर्यंत थांबा.