शत्रूच्या घरी मुक्काम

९ सप्टेंबर १९६२. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शार्ल द गोल जर्मनीतल्या लुडविग्जबुर्ग इथे हजारो तरुणांसमोर उभे राहिले आणि चक्क जर्मनमध्ये बोलले. मार्च १९१६ मध्ये व्हर्दनजवळच्या दुओमों इथे जखमी अवस्थेत ते जर्मनांच्या हाती सापडले होते आणि महायुद्ध संपेपर्यंत कैदेत होते. पुढच्या युद्धात तर जर्मनीने त्यांचा देशच व्यापला. १८७०, १९१४, १९३९ : एका माणसाच्या आयुष्यात मावतील एवढ्या वर्षांत या दोन शेजाऱ्यांनी तीन युद्धं लढली. प्रत्येक युद्धाआधीच्या पिढीला शाळेत शेजाऱ्याचा इतिहास शिकवला गेला होताच. पण तो शत्रूचा इतिहास म्हणून.

२२ जानेवारी १९६३ रोजी द गोल आणि जर्मनीचे चॅन्सलर आडेनाउअर यांनी एलिझे करारावर सह्या केल्या. परराष्ट्र धोरण आणि संरक्षण यांच्या जोडीला या करारात शिक्षण आणि तरुण हा विषय तितक्याच महत्त्वाने मांडलेला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये दोन्ही सरकारांच्या पैशावर चालणारं फ्रेंच-जर्मन युवा कार्यालय सुरू झालं. आजवर नव्वद लाखांहून अधिक तरुण त्याच्या उपक्रमांतून सीमेपलीकडे जाऊन आले आहेत.

या देवाणघेवाणीचं मर्म तिच्या रचनेत आहे. मुलगी परक्या देशात जाते ती तिच्याच वयाच्या एखाद्या मुलीच्या घरी. तिच्याबरोबर शाळेत जाते, तिच्या भावंडांशी भांडते, तिच्या आईच्या हातचं जेवते. मग ती दुसरी मुलगी हिच्या घरी राहायला येते. व्होल्तेर नावाच्या कार्यक्रमात हा मुक्काम प्रत्येकी सहा महिन्यांचा असतो. पाहुणचार घेणाऱ्याने पाहुणचार करायचाही असतो.

अशा घरात काय कळतं? फ्रान्समध्ये गुण विसापैकी मिळतात, त्यामुळे तिथे १ म्हणजे नामुष्की. जर्मनीत १ ते ६ अशी श्रेणी असते आणि १ मिळाला तर घरी आनंद होतो. फ्रेंच घरात रात्री आठच्या सुमारास सगळे गरम जेवणाला बसतात. अनेक जर्मन घरांत संध्याकाळी टेबलावर पाव, चीज आणि मांसाचे थंड काप येतात आणि तेच जेवण असतं. गोष्टी किरकोळ आहेत. पण पंधरा वर्षांच्या मुलीला त्यातून मोठी जाण येते. जे आपल्याला निसर्गनियमासारखं वाटत होतं, ते आपल्या लोकांनी कधीतरी ठरवलेलं आहे आणि दुसऱ्या शहाण्या माणसांनी वेगळं ठरवलं आहे. परदेशाचं शिक्षण इथून सुरू होतं. वेळापत्रक आणि ताट यांबाबत हे उमगलं की इतिहासाबाबतही प्रश्न पडू लागतात.

आणि ते पडलेही. एलिझे कराराला चाळीस वर्षं झाली तेव्हा, जानेवारी २००३ मध्ये, बर्लिनला दोन्ही देशांच्या तरुणांची संसद भरली. त्यांनी मागणी केली : दोन्ही देशांत शिकता येईल असं इतिहासाचं एकच पुस्तक आम्हाला द्या. २००६ मध्ये त्याचा पहिला खंड आला. मजकूर तोच, पानांची मांडणी तीच, फक्त भाषा दोन. पुढे २००८ आणि २०११ मध्ये आणखी दोन खंड निघाले. गंमत म्हणजे लेखकांचे ठळक मतभेद फ्रेंच-जर्मन युद्धांवरून झाले नाहीत. १९४५ नंतरच्या अमेरिकेच्या भूमिकेवरून झाले. जिथे मतं जुळली नाहीत, तिथे दोन्ही बाजू विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या गेल्या. हे पुस्तक फार शाळांत पोचलं नाही, कारण जर्मनीतल्या सोळा राज्यांचे अभ्यासक्रम वेगवेगळे आहेत. तरीही दोन देशांचे इतिहासकार एका टेबलाशी बसून शालेय पुस्तक लिहू शकतात, हे सिद्ध झालं. पुढे जर्मनी आणि पोलंडनेही तसं पुस्तक केलं, आणि तिथल्या जखमा तर अधिक खोल होत्या.

आता आपल्याकडे पाहू. शहरांतल्या बऱ्याच शाळा आज परदेशी सहली काढतात. सिंगापूर, दुबई, अमेरिकेतलं अवकाश केंद्र. मुलं हरखतात, त्यांचं कुतूहल जागं होतं आणि त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण त्या सहलीत मूल हॉटेलात राहतं, आपल्याच वर्गमित्रांबरोबर फिरतं, मार्गदर्शक सांगेल ते ऐकतं. त्या देशातल्या एकाही घराचा उंबरठा ते ओलांडत नाही, आणि तिथलं कुणी आपल्याकडे राहायला येत नाही. शिवाय ज्याच्या पालकांना परवडेल त्यालाच जग दिसतं. फ्रान्स आणि जर्मनीने हा खर्च देशाच्या सुरक्षिततेचा खर्च मानला, म्हणून तो सरकारी तिजोरीतून केला.

हा विचार आपल्याला परका नाही. एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, एकमेकांना जवळून ओळखावं, हे साने गुरुजींच्या आंतरभारतीचं स्वप्न होतं. सीमेपलीकडे मात्र आपण ते नेलं नाही. स्वातंत्र्यलढा भारताच्या आणि पाकिस्तानच्या पाठ्यपुस्तकांत किती वेगळा दिसतो, हे शिक्षणतज्ज्ञ कृष्णकुमार यांनी २००१ सालच्या ‘प्रेज्युडिस अँड प्राइड’ या पुस्तकात दाखवलं. दोन्हीकडची मुलं एकच काळ शिकतात आणि दोन वेगळे देश मनात घेऊन मोठी होतात.

राजकारण निवळेपर्यंत थांबायची गरज नाही. नेपाळ, भूतान, श्रीलंका यांच्याविषयी आपल्या दहावीच्या मुलाला काय माहीत असतं? तिथल्या एखाद्या शाळेशी आपल्या जिल्ह्यातल्या शाळेने नातं जोडावं. वर्षभर दोन्ही वर्गांनी एकमेकांच्या इतिहासाचा एकेक धडा वाचावा, पत्रं लिहावीत, मग मोजक्या मुलांनी जावं आणि तितक्याच मुलांना बोलवावं. निवड गुणांवर किंवा ऐपतीवर होऊ नये. खर्च शासनाने आणि समाजाने उचलावा. ज्या शाळेला परदेश शिकवायचा आहे, तिने विमानाची तिकिटं काढण्याआधी परदेशातल्या मुलाला आपल्या गावात कोणकोणती घरं ठेवून घेतील, याची यादी करावी. ती यादी तयार झाली की निम्मं शिक्षण झालं, आणि ते मुलांबरोबर पालकांचंही.