केवल नरसिंहासमोर थोडं बसा

रामटेकला आलं की पावलं थेट गडमंदिराकडे धावतात. नागपूरहून पन्नासेक किलोमीटर आलेल्या माणसाला राम-लक्ष्मणाच्या दर्शनाची ओढ असणारच. तरी आज सावकाश चढा. केवल नरसिंहाचं देऊळ आलं की चपला काढा, मोबाइल पिशवीत टाका आणि उंबऱ्याशी थांबा.

बाहेरचं ऊन डोळ्यांत असतं, त्यामुळे आत आधी काळोखच दिसेल. दिसू द्या. चढण चढून लागलेली धाप शांत होऊ द्या. मग हळूहळू लाल दगडातली आकृती उमटू लागेल: एक गुडघा उभा करून ऐसपैस बसलेला नरसिंह, हाती चक्र. मांडीवर हिरण्यकशिपू नाही. झुंज नाही, रक्त नाही. देव एकटा, आपल्या जागी बसला आहे, वाकाटकांच्या काळापासून म्हणजे पाचव्या शतकापासून. या मूर्तीपुढे प्रश्न विचारण्याची घाई मला कधीच योग्य वाटली नाही. आधी नुसतं बसावं.

आता भिंतीकडे मन वळवा. इथला ब्राह्मी शिलालेख ऐंशीच्या दशकात उजेडात आला. तोवर शतकानुशतकं माणसं त्याच्या शेजारून नमस्कार करून जात होती. त्यात प्रभावतीगुप्ता आहे, दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची राणी. नवरा लवकर गेला, मुलं लहान. राज्य तिनंच सांभाळलं. रिद्धपूरला, महानुभावांच्या त्याच रिद्धपूरला, तिचा ताम्रपट मिळाला. तो तिनं रामगिरीच्या, म्हणजे याच रामटेकच्या, स्वामींच्या पायांपाशी राहून दिलेला आहे. या टेकडीवर तीही आली होती, हे एकदा मनात उतरू द्या.

आणि लेखातली खरी गोष्ट पुढेच आहे. अभ्यासकांनी लावलेल्या अर्थाप्रमाणे आईला, म्हणजे प्रभावतीगुप्तेला, पुण्य लाभावं म्हणून तिच्या लेकीनं हे देऊळ उभारलं. अक्षरं झिजली आहेत, ओळी तुटल्या आहेत, पण एवढं उरलं आहे. डोळे मिटा. आपली आई आठवा. तिच्या नावानं आपण काय केलं, हे स्वतःला विचारा आणि उत्तराची वाट पाहा. ते लगेच आलं नाही तरी चालेल.

उठावंसं वाटेल तेव्हाच उठा. पुढे वराहाची मोठी अखंड मूर्ती लागेल. तिच्या पोटाखालून सरपटत गेलं की पाप उतरतं, अशी इथली श्रद्धा. एखादी आजी पदर सावरत खाली वाकताना दिसेल. तिचा फोटो काढू नका, हसू तर अजिबात नको. जमल्यास हात द्या. तुमची श्रद्धा नसेल तर बाजूला उभं राहा. देवळाला तेवढं पुरतं.

एक विनंती मात्र मनापासून. केवल नरसिंहाच्या भिंतीला पाठ टेकू नका, अक्षरांवरून बोट फिरवू नका. कुणी दगडावर आपलं नाव कोरताना दिसलं तर त्याला थांबवा. नम्रपणे सांगा, पण थांबवाच. त्या लेकीच्या लेखातली गेलेली अक्षरं परत मिळणार नाहीत. उरलेली आपल्या हातात आहेत.