नर्तकीची प्रतिष्ठा कोणाच्या हातीं?

मद्यगृहांत पोटासाठीं नाचणाऱ्या स्त्रीचा विषय सुशिक्षित कुटुंबांत सहसा कुजबुजीनेंच निघतो. २००५ सालीं मात्र महाराष्ट्राच्या विधिमंडळानें तो चव्हाट्यावर आणला. डान्सबारमधील नृत्यावर बंदी आली. पण तीन तारांकित व त्याहून वरच्या दर्जाचीं हॉटेलें, जिमखाने आणि क्लब यांना सूट मिळाली. नृत्यानें नीति बिघडत असेल, तर ती महागड्या गालिच्यावर कां बिघडूं नये? २००६ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें बंदी रद्द ठरविली, २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम केला. त्यावर २०१४ सालीं बंदी पुन्हा आली आणि भेदभावाचा आक्षेप राहूं नये म्हणून सूटच काढून टाकण्यांत आली! समतेचा हा अर्थ विलक्षणच म्हणावयाचा.

२०१६ च्या कायद्याच्या लांबलचक नांवांत स्त्रियांच्या प्रतिष्ठेचें संरक्षण हा हेतु घातलेला आहे. हेतूविषयीं मी शंका घेत नाहीं. परंतु प्रतिष्ठा राखण्यासाठीं आधीं उपजीविकाच आवळावयाची, हें तर्कशास्त्र माझ्यासारख्या महिन्याच्या महिन्याला वेतन घेणाऱ्यांनाच सुचूं शकतें.

१७ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें यांतील अनेक अटी रद्द केल्या. नर्तकीवर नोटा उधळण्याची मनाई मात्र ठेवली. तिच्या हातीं बक्षिसी देण्यास मोकळीक दिली. या भेदांतच मला प्रश्नाचें मर्म दिसतें. रक्कम तीच, देणाराहि तोच. पण नोट हातीं देतांना समोरच्या माणसाकडे पाहावें लागतें. ती अंगावर फेकणारा स्वतःचेंच ऐश्वर्य न्याहाळीत असतो, आणि नाचणारी त्याला केवळ निमित्त होते. संगीतबारींतील दौलतजादा तर जुनीच आहे, असें कोणी म्हणेल. खरें आहे, तेथेंहि रसिकता आणि मग्रुरी यांची सरमिसळ होतच असे.

तरीहि एक अडचण उरते. उधळलेल्या नोटांनींच माझें घर चालतें, असें नर्तकीनेंच सांगितलें तर तिच्या प्रतिष्ठेचा निवाडा आपण कोण करणार? माझा कल तिच्याच बाजूला आहे, पण पुरता नाहीं. कारण एकीनें राजीखुशीनें सोसलेली फेक दुसरीला नाकारतां येत नाहीं. मालक तिला धंद्याची रीतच करून टाकतो. म्हणून ती एक मनाई मला मान्य आहे. शाळा वा देवस्थान यांपासून एक किलोमीटर अंतराची अट गेली, याचा मात्र खेद नाहीं. मुंबईंत एवढ्या अंतरांत एकहि देऊळ नाहीं अशी जागा शोधावयाची म्हणजे समुद्रांतच उतरावें लागेल.