विज्ञानाने बुद्ध सिद्ध केला काय?



बुद्ध पौर्णिमेच्या किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या व्यासपीठावरून एक वाक्य आपण नेहमी ऐकतो. ‘भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वी जे सांगितले, तेच आज विज्ञानाने सिद्ध केले आहे.’ हे वाक्य आले की टाळ्या पडतात. नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांना ते विशेष आवडते आणि त्यात नवल नाही. ‘देव सोडून काय मिळवलेत?’ असे शेजारीपाजारी आणि कधी कधी आपलेच नातेवाईक विचारतात, तेव्हा हे वाक्य हातातल्या काठीसारखे उपयोगी पडते.

परंतु ते खरे आहे काय? आणि खरे आहे की नाही हे न तपासता ते बोलणे आपण रोज घेत असलेल्या चौथ्या शीलात बसते काय? हा प्रश्न भौतिकशास्त्राचा नाही, शीलाचा आहे. म्हणून त्याचा विचार विहारातच झाला पाहिजे.

आपली मुलेमुली आता कांदिवली-बोरिवलीच्या कॉलेजांतून विज्ञानाच्या पदव्या घेत आहेत. त्यांच्यापैकी एखादी मुलगी भौतिकशास्त्रात पुढे गेली, तर एके दिवशी ती कांदिवलीला लोकल पकडून चर्चगेटला उतरेल, तेथून बसने कुलाब्याच्या नेव्हीनगरला जाईल आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सभागृहात मूलकणांवरील परिषदेला बसेल. संध्याकाळी घरी आल्यावर आई विचारील, ‘तेथे बुद्धाचे नाव निघाले काय गं?’ मुलीला खरे उत्तर द्यावे लागेल, ‘नाही, आई.’

मग तेथे काय चालते? एक अभ्यासक फळ्यापाशी किंवा पडद्यापाशी उभा राहून आपला निबंध मांडतो. त्याला ठराविक वेळ दिलेला असतो. वेळ संपली की अध्यक्ष श्रोत्यांना प्रश्न विचारण्यास सांगतात. कोणीही हात वर करू शकतो. बोलणारा नोबेल पारितोषिक मिळवलेला असला आणि विचारणारा कालचा विद्यार्थी असला, तरी प्रश्न तो प्रश्नच असतो. ‘हे तुम्ही कशावरून म्हणता? याचे दुसरे कारण असू शकत नाही काय?’ या दोन प्रश्नांना उत्तर नसेल, तर मोठ्या नावाचा तेथे उपयोग होत नाही. निदान त्या सभेचा नियम तरी असा आहे.

या नियमाचे काय फळ निघते, हे आपल्याच मुंबईतील एका परिषदेवरून पाहू. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईत एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिचा विषय थोडक्यात असा होता: प्रोटॉन हा कण कायमचा आहे की तोही कधीतरी नष्ट होतो? आपले शरीर, ही भिंत, हा कागद, सर्व काही अणूंचे बनलेले आहे आणि प्रत्येक अणूच्या गाभ्यात प्रोटॉन असतो. तो अमर आहे असेच पूर्वी धरून चालत. १९७० च्या दशकात काही सिद्धांत पुढे आले. निसर्गातील निरनिराळे बल मुळात एकच आहेत असे त्यांचे म्हणणे होते. ते खरे असेल, तर प्रोटॉनही केव्हातरी फुटला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांतून निघाला.

आता हे पाहावयाचे कसे? एक प्रोटॉन फुटण्यास विश्वाच्या वयापेक्षा कितीतरी अधिक काळ लागेल, असे गणित सांगत होते. म्हणून शास्त्रज्ञांनी युक्ती केली. एकाच प्रोटॉनकडे युगानुयुगे पाहत बसण्याऐवजी अगणित प्रोटॉन एकत्र ठेवावयाचे आणि त्यांतला एखादा तरी फुटतो काय, ते पाहावयाचे. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत जमिनीखाली सुमारे सव्वादोन किलोमीटरवर टाटा संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी सहकाऱ्यांसह सुमारे १४० टन लोखंडाचे एक यंत्र उभारले. आकाशातून सतत पडणारे किरण तेथपर्यंत फारसे पोहोचू नयेत, म्हणून इतके खोल जावे लागले. १९८० च्या अखेरीस यंत्र सुरू झाले आणि लवकरच त्यात काही अशा घटना टिपल्या गेल्या, की त्या प्रोटॉन फुटल्याच्या असू शकतील असे त्यांना वाटले.

कल्पना करा, त्या दिवसांत आपल्यापैकी कोणी व्यासपीठावर असता तर काय म्हणाला असता? ‘पाहा! सब्ब अनिच्च! प्रोटॉनसुद्धा अनित्य निघाला! भारताच्या भूमीत विज्ञानाने बुद्ध सिद्ध केला!’ टाळ्यांचा कडकडाट झाला असता.

परंतु शास्त्रज्ञांनी तसे म्हटले नाही. या घटना ‘संभाव्य’ आहेत, एवढेच त्यांनी म्हटले. कारण न्यूट्रिनो नावाचे कण कितीही जाड खडकातून आरपार जातात आणि त्यांच्यामुळेही यंत्रात तशीच खूण उमटू शकते. म्हणून अधिक मोठी यंत्रे अमेरिकेत आणि जपानमध्ये उभी राहिली. त्यांत हजारो टन पाणी भरले होते. त्यांना प्रोटॉन फुटल्याची एकही खात्रीची खूण मिळाली नाही. पुढे १९९६ साली जपानमध्ये पन्नास हजार टन पाण्याचे आणखी मोठे यंत्र सुरू झाले. त्यालाही आजवर ती मिळालेली नाही. आता शास्त्रज्ञ म्हणतात की प्रोटॉन फुटत असलाच, तर त्याचे सरासरी आयुष्य एकावर ३४ शून्ये इतक्या वर्षांहून अधिक असले पाहिजे. विश्वाचे वय अवघे १३८० कोटी वर्षे आहे.

मग आता काय करावयाचे? ज्याने १९८२ साली धम्म प्रोटॉनच्या खुंटीला बांधला असता, त्याला पुढे मान खाली घालावी लागली असती. प्रोटॉन टिकला म्हणून अनित्यता खोटी ठरली काय? मुळीच नाही. तथागतांनी अनित्यता सांगितली ती माणसाच्या दुःखाचा उलगडा करण्यासाठी. जे हातातून जाणार आहे त्याला आपण घट्ट धरून बसतो आणि म्हणून दुःखी होतो, हे ते सांगणे आहे. त्याची परीक्षा खाणीत होत नाही, घरात होते. त्याच जानेवारी १९८२ मध्ये, १८ तारखेला, मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. पिढ्यान्‌पिढ्या भोंग्यावर चाललेले जीवन थांबले आणि कित्येकांच्या हातचे काम कायमचे गेले. अनित्यता म्हणजे काय हे कळण्यास त्या कुटुंबांना प्रोटॉनची गरज पडली नाही. आणि अनित्यतेची दुसरी बाजूही आपणच जाणतो. काहीच नित्य नाही म्हणूनच जात नित्य नाही, अस्पृश्यता नित्य नाही. ती जाऊ शकते, कारण ती माणसांनीच केलेली आहे.

तेव्हा विज्ञानाने बुद्ध सिद्ध केलेला नाही आणि विज्ञानाने तो सिद्ध करावा अशी धम्माची मागणीही नाही. ‘वेदात आहे म्हणून खरे’ हे आपण नाकारले. त्या जागी ‘सायन्सने सांगितले म्हणून खरे’ हे वाक्य आणून बसवले, तर पोथी बदलली एवढेच होईल, डोके नमवण्याची सवय तशीच राहील. कालामांना तथागतांनी जे सांगितले त्याचा रोख याच सवयीवर होता.

मग त्या सभागृहात आपल्या कामाचे काहीच नाही काय? आहे, आणि ते फार मोलाचे आहे. मात्र ते निष्कर्षात नाही, वागण्याच्या रीतीत आहे. ऑगस्ट २०११ मध्ये टाटा संस्थेतच ‘लेप्टॉन-फोटॉन’ ही जागतिक परिषद भरली. हिग्ज नावाच्या कणाच्या काही खुणा दिसू लागल्या आहेत, असे जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी महिनाभर आधी फ्रान्समध्ये सांगितले होते. साऱ्या जगाचे कान तिकडे लागले होते. मुंबईत त्यांनीच सांगितले की अधिक माहिती जमवल्यावर त्या खुणा फिक्या झाल्या आहेत. त्याच परिषदेत सुपरसिमेट्री नावाच्या सिद्धांताचा सर्वांत सोपा प्रकार अडचणीत आल्याचे दिसून आले. त्या सिद्धांतावर कित्येकांनी तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे घालवली होती. सभेत उभे राहून आपल्याच आशेविरुद्धचा आकडा वाचून दाखवणे सोपे नाही. आणि यात हानी कोणाची झाली? हिग्ज कण खरोखरच होता. ४ जुलै २०१२ रोजी तो सापडल्याचे जाहीर झाले आणि आधी सावधपणे बोलणाऱ्यांच्या शब्दाला त्या दिवशी वजन आले.

ही रीत आपल्याला परकी नाही. वर्षावासाच्या अखेरीस भिक्षुसंघात पवारणा होते. प्रत्येक भिक्षू संघापुढे हात जोडून विनंती करतो, की माझ्या हातून काही दोष घडलेला तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तशी शंका आली असेल, तर मला सांगा. ही विनंती सर्वांत ज्येष्ठ भिक्षू प्रथम करतो. स्वतः भगवंतांनीही आपल्या शिष्यांना असे विचारल्याचे सुत्तात आहे. कांदिवलीच्या शेजारी कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. तेथील अकराव्या लेण्यात दगडी बैठकांच्या लांब ओळी असलेले सभागृह आहे. सहलीला जातो तेव्हा ते मुलांना अवश्य दाखवावे आणि सांगावे, की भिक्षूंचा संघ अशा जागी एकत्र बसत असे.

कोणी म्हणेल, ‘असे केल्याने आमची श्रद्धा ढिली होईल.’ त्याला उत्तर परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला. ज्या जातीने त्यांना शाळेत वेगळे बसवले, तिच्याबद्दल ते परक्या विद्वानांपुढे बोलत होते. रागाने बोलण्याचा अधिकार त्यांना होता. पण निबंधाच्या शेवटी त्यांनी सांगितले, की आपला सिद्धांत टिकत नाही असे कोणी दाखवून दिले, तर आपण तो सोडून देण्यास तितकेच तयार आहोत. असे म्हणणारा माणूस कच्चा नव्हता. आपले म्हणणे तपासून घेतलेले आहे याची ज्याला खात्री असते, तोच असे म्हणू शकतो.

एक गोष्ट मात्र त्या सभागृहालाही विचारली पाहिजे. कोणीही प्रश्न विचारू शकतो हा नियम उत्तम आहे, पण आत कोण येऊ शकतो? कोलारची खाण खोदणाऱ्यांत बहुसंख्य तामिळ मुलखातील अस्पृश्य मजूर होते. १८९८ साली पंडित अयोथी दास यांनी मद्रासेत शाक्य बौद्ध संघ स्थापला आणि त्याची शाखा याच कोलारच्या मजुरांत उभी राहिली. नागपूरच्या दीक्षेच्या कितीतरी आधी तेथे बुद्धाला शरण जाणारे आपले बांधव होते. त्यांनी खोदलेल्या पोकळीत पुढे जगाचे शास्त्र झाले. त्यांची मुले त्या शास्त्राच्या सभेत किती पोहोचली? प्रवेशातील आरक्षणाचा २००६ चा केंद्रीय कायदा झाला, तेव्हा काही संशोधन संस्थांना त्यातून वगळण्यात आले. कुलाब्याची ही संस्थाही त्या यादीत होती. प्रश्न विचारणारे जितके कमी, तितकी सत्याची परीक्षा कमी कडक. म्हणून आपली मुलगी तेथे पोहोचणे ही केवळ तिच्या नोकरीची बाब नाही. तिच्या येण्याने त्या सभेचा नियम अधिक खरा होईल.

आणि ती तेथून शिकून आली, की आपण तिला विहारात बोलू दिले पाहिजे. पुढच्या वेळी व्याख्यानात ‘विज्ञानाने सिद्ध केले’ असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी पाहिले? दुसऱ्या कोणी ते तपासले काय? आणि हे उद्या खोटे ठरले, तर तुम्ही तसे याच व्यासपीठावरून सांगाल काय? वक्ता वयाने मोठा असला तरी विचारावे. विचारणारा लहान आहे म्हणून त्याला खाली बसवू नये. वर्षावास संपत येईल तेव्हा प्रत्येक घरातील वडीलधाऱ्याने एक संध्याकाळ मुलाबाळांत बसून म्हणावे, ‘माझे काय चुकते ते सांगा.’ सुरुवात थोरांनी करावी, कारण पवारणेचा क्रम तोच आहे.